गुलाबी रंग : कपड्यांत, भिंतीवर आणि पुरुषांच्या डोक्यावर

शेवंती

दिवाळीआधी घराला रंग काढायचाय आणि डिसेंबरात धाकट्या दिरांचं लग्न आहे. दोन्ही ठिकाणी मी गुलाबी सुचवला. हॉलची एक भिंत गुलाबी, आणि लग्नात आमच्याकडच्या सगळ्या पुरुषांना राणी कलरचे फेटे. नवरा म्हणतो भिंत चालेल, फेटा नको. सासरे म्हणतात फेटा चालेल, भिंत नको, "ती काय लहान मुलीची खोली आहे?" साबा (सासूबाई) तटस्थ.

हे लहान मुलींचं खूळ आपल्याकडे कधी शिरलं? माझी आजी शेवटपर्यंत डाळिंबी आणि गुलबक्षी लुगडी नेसली. पैठणी असो, नारायणपेठ असो, राणी काठ नाही असं लग्नाघरचं कपाट दाखवा. माझ्या मते गुलाबी हा चांगला पिकलेला, वयात आलेला रंग आहे. आपण त्याला उगाच फ्रॉक घालून बसवलंय.

तर प्रश्न :
भिंत पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर आहे. फरशी क्रीम, सोफा राखाडी, एक जुना सागवानी दिवाण आणि पुस्तकांचं कपाट. कुठला गुलाबी चालेल? पडदे-उशांचं काय? आणि फेट्यांबद्दल अनुभव असतील तर तेही सांगा. तुम्ही स्वतः गुलाबी कुठे, किती वापरता?

टवाळखोर

साबा तटस्थ आहेत हे वाचून पुढचं काही वाचलंच नाही. असं घर बघायला मिळेल का?

चकलीचा_सोऱ्या

माझ्याकडे बेडरूमची एक भिंत फिकट गुलाबी आहे, कुणीही आलं की "मुलगी झाली का?" विचारतं. मुलगा बारावीला आहे.

भिंतीपेक्षा उशा, पडदे, दिवाणावरची चादर यांत आणा. कंटाळा आला की बदलता येतं.

दोन_हात_मारा

माझा व्यवसाय रंगकामाचा (म्हणजे मी कॉन्ट्रॅक्टर, ब्रश आता पोरं धरतात). उशांचा सल्ला नेहमीचाच आहे, पण ताईंनी भिंत विचारलीय तर भिंतीचं बोलू.

पहिली गोष्ट, शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून गुलाबी ठरवू नका. भिंतीवर तो कायम कार्डापेक्षा गडद दिसतो, कारण एका भिंतीचा रंग दुसरीवर आणि छतावर पडतो. चारही भिंती गुलाबी केल्या तर खोलीतली माणसंही गुलाबी दिसतात. तुम्ही एकच करताय ते बरं. तरी कार्डावर जो आवडेल त्याच्या एक-दोन पायऱ्या वरचा, फिकट घ्या.

दुसरी गोष्ट, पश्चिमेचं ऊन. संध्याकाळी चारनंतर भिंतीवर पिवळा-नारिंगी उजेड येणार. त्यात पीचकडे झुकणारा गुलाबी सरळ नारिंगी होतो. आणि निळसर झाक असलेला बेबी पिंक घेतलात तर दिवसा क्रीम फरशीशेजारी फरशी मळकी दिसते. तुम्हाला मधला, जरा मातकट गुलाबी लागेल. कांद्याच्या सालीचा रंग असतो ना, त्याच्या आसपास. सागवानाला तोच शोभतो.

तिसरी गोष्ट, दिवे. हे कुणी विचारतच नाही. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० चा पांढराफटक दिवा असेल तर गुलाबी रात्री जांभळट आणि आजारी दिसतो. ३००० चा पिवळसर असेल तर उबदार दिसतो. लोक दिवसा दुकानात रंग पसंत करतात, रात्री ट्यूबलाइटखाली बघतात आणि फोन आम्हाला करतात.

दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवा, दोन हात मारा, सकाळ-दुपार-रात्र बघा. शक्यतो दोन ठिकाणी, एक खिडकीजवळ, एक कोपऱ्यात.

शेवंती

दोन_हात_मारा दादा, किती नेमकं सांगितलंत! आमच्याकडे हॉलमध्ये पांढरेफटक दिवे आहेत. म्हणजे आधी दिवे बदलायचे. नवऱ्याला सांगते, खर्च वाढला म्हणून तोही आता भिंतीच्या विरोधात जाईल.

टवाळखोर

मग साबा निर्णायक मत टाकतील.

बिंदी_भोपळा

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये सगळा हॉल गुलाबी केलाय, वर गुलाबी पडदे, गुलाबी झुंबर. आत गेलं की स्ट्रॉबेरी आइस्क्रीममध्ये बसल्यासारखं वाटतं. त्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आम्हाला आवडतं." विषय संपला. त्या खूश आहेत, मी का कुढू?

पन्हाळ्याचा_वारा

लहान मुलींचा रंग म्हणणाऱ्यांनी चैत्रात वाडी रत्नागिरीला यावं. जोतिबाच्या यात्रेत डोंगर, पायऱ्या, देवळाची शिखरं, सासनकाठ्या, सगळं गुलालानं माखलेलं असतं. मिशीवाले पैलवानगडी नखशिखांत गुलाबी होऊन "चांगभलं" करत नाचतात. घरी आल्यावर दोन अंघोळी झाल्या तरी कानामागचा गुलाल निघत नाही आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. निवडणूक जिंकली की गुलाल, गणपती निघाला की गुलाल, कुस्ती मारली की गुलाल. तुमच्या मिस्टरांना विचारा, अंगावर गुलाल चालतो मग डोक्यावर फेटा का चालत नाही?

शेवंती

हा मुद्दा मी कागदावर लिहून फ्रिजवर लावते.

लंकेची_पार्वती

कपड्यांचं कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते.

गुलाबी म्हणजे एक रंग नाहीच. मी सावळी आहे. आयुष्यभर ऐकलं, "तुला गुलाबी खुलणार नाही." ते फिक्या बेबी पिंकबद्दल खरं असेल, माझ्या चेहऱ्यावर तो पावडर फासल्यासारखा दिसतो. पण राणी, गुलबक्षी, डाळिंबी हे रंग सावळ्या रंगावर जितके खुलतात तितके गोऱ्यावर खुलत नाहीत. दुकानदार मात्र सावळी बाई दिसली की बिस्किट कलर आणि मोतिया काढून पुढे टाकतात. मी सरळ म्हणते, वरच्या कप्प्यातली राणी काढा.

जोड्या : राणी-पोपटी, राणी-मोरपिशी, राणी-मोहरी. ऑफिसला राखाडी कुर्त्यावर गुलाबी ओढणी. गाजरी साडीवर राणी ब्लाउज, हे ऐकायला भयंकर वाटतं, करून बघा. सोन्याचे दागिने गडद गुलाबीवर, चांदी-ऑक्सिडाइज्ड मळकट गुलाबीवर.

भिंतीबद्दल मला काही कळत नाही.

अर्धा_कप_साखर

लंकेची_पार्वती, टाळ्या! "वयाला शोभत नाही" हे त्याचंच भावंड. पन्नाशी झाली की बायकांनी हळूहळू राखाडी होत जायचं असा अलिखित नियम आहे. आमच्या भिशीत आम्ही नवरात्रातल्या गुलाबी दिवशी ठरवून सगळ्या गडद गुलाबीत जातो, सर्वांत मोठ्या ताई पंचाहत्तरच्या आहेत.

हातमागवाली

मी येवल्याची. घरात माग आहेत, म्हणून पैठणीतल्या गुलाबीबद्दल थोडं.

लोक म्हणतात "ही पैठणी उजेडात वेगळीच गुलाबी दिसते." त्याचं कारण उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा. राणीच्या ताण्यात हिरवा बाणा टाकला की साडी हलली की रंग पलटतो. यालाच धूपछाव म्हणतात. नुसता राणी-राणी विणला तर पोत भरीव येतो, पण ती चमक येत नाही. साडी बघायला जाल तेव्हा दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका. पदर घेऊन दारात या, दिवसाच्या उजेडात तिरका धरा. निऱ्यांच्या घडीत दुसरा रंग दिसायला हवा.

पदरावरचे पोपट आणि मोर बघा, हिरव्याशेजारी गुलाबी बहुतेक वेळा असतोच. जरीच्या सोन्यावर हिरवा एकटा उठत नाही, शेजारी गुलाबी लागतो. आमचे आजोबा नकाशा न बघता हे करायचे.

घरासाठी हौस असेल तर जुन्या, विरलेल्या पैठणीचे काठ आणि पदर वेगळे काढून उशांना लावा. पण ती उशी पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. लाल-गुलाबी रंग उन्हात सर्वांत आधी विटतात.

दोन_हात_मारा

हातमागवाली ताई बरोबर बोलल्या. पडद्यांनाही हेच लागू. पश्चिमेला गडद गुलाबी पडदा लावायचाच असेल तर मागून पांढरं जाड अस्तर लावून घ्या. शिंपी म्हणेल गरज नाही. गरज आहे.

गुलाबजाम_कमी_पाकाचा

मी पुरुष, वय ४१, गुलाबी शर्टांचा मालक. पहिल्यांदा ऑफिसला घालून गेलो तेव्हा दिवसभर "काय विशेष?" ऐकलं. आता कुणी काही म्हणत नाही. फिका गुलाबी फॉर्मल शर्ट आणि गडद निळी पँट, यासारखी सोपी जोडी नाही. लंडनचा फायनान्शियल टाइम्स १८९३ पासून गुलाबट कागदावर छापतात, बँकवाले ते काखोटीला मारून फिरतात, त्यांना कुणी लहान मुलगी म्हणत नाही. आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सनी २०१९ पासून गुलाबी जर्सी घेतली. त्याच वर्षी ईडन गार्डन्सवर भारताची पहिली दिवस-रात्र कसोटी गुलाबी चेंडूनं झाली. तुमच्या मिस्टरांना क्रिकेट आवडतं का?

शेवंती

आवडतं. पण ते मुंबईचे आहेत. निळा म्हणतील.

थेम्सकाठची_जोंधळी

मुलगी-मुलगा भानगडीबद्दल. मी इंग्लंडमध्ये राहते, इथे मुलीसाठी खेळणं आणायला गेलं की एक अख्खी रांग गुलाबी, डोळे दुखतात. पण गंमत अशी की शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत बाळांचे कपडे विकणाऱ्या मंडळींत उलटा सल्लाही चालायचा. १९१८ सालच्या एका व्यापारी मासिकात गुलाबी ठसठशीत म्हणून मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना, असं सांगितलंय. तेव्हा ठाम नियम नव्हताच. आजची वाटणी पक्की झाली ती १९४० च्या दशकानंतर, आणि त्यात दुकानदारांचा हात मोठा. दुसरं मूल झालं की वेगळ्या रंगाचं सगळं नव्यानं घ्यावं लागतं ना!

आपल्याकडे बाळाला पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणात काळं झबलं घालतात, मुलगा असो की मुलगी. मला तेच बरं वाटतं.

भिंतीबद्दल : इथला उजेड करडा, त्यात बेबी पिंक प्रेतवत दिसतो. महाराष्ट्रातल्या उन्हात तोच रंग भडक होईल. त्यामुळे परदेशी घरांचे फोटो बघून शेड ठरवू नका.

कारण_विचारू_नका

भिंत गुलाबी करा, नवरा शांत होईल. १९७९ साली सिअ‍ॅटलच्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली होती, कैद्यांचा संताप उतरतो म्हणून. तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या रंगाला बेकर-मिलर पिंक म्हणतात.

थेम्सकाठची_जोंधळी

नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम दिसला नाही. नवऱ्यावर भिस्त ठेवू नका.

टवाळखोर

तुरुंगातली कोठडी आणि हॉल यात फरक आहे हो. कोठडीत सासरे नसतात.

परकोट्यातला_पुणेकर

नोकरीनिमित्त जयपुरात असतो. गुलाबी शहर म्हणून पाहुणे येतात आणि पहिलं वाक्य, "अरे, हा तर विटकरी आहे!" बरोबर आहे. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून महाराजा रामसिंह दुसरे यांनी शहर एका रंगात रंगवून घेतलं. शहर वसलं त्याच्या दीडशे वर्षं आधी, १७२७ मध्ये. हा रंग मुळात गेरूच्या जातीचा, त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा आणि वेलबुट्ट्या. परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटबंदीच्या, आत बाजारपेठांच्या दर्शनी भिंतींना आजही तोच ठेवावा लागतो.

मुद्दा असा की शेवंती यांना जो मातकट गुलाबी सुचवलाय तो हाच. सकाळी फिका, दुपारी पांढरट, संध्याकाळी हवामहलासमोर उभं राहिलात तर पेटल्यासारखा दिसतो. पश्चिमेच्या उजेडाला असाच रंग पाहिजे. शक्य असेल तर चुना आणि गेरूच लावा, प्लास्टिक पेंटपेक्षा लाखपट देखणं.

गोंयचो_पाव

अनुमोदन. आमच्या गोव्यात जुन्या घरांना हाच चुना लावत. पावसाळ्यात धुपायचा, पाऊस सरला की परत काढायचा. पणजीत फोंतेन्यशमध्ये फिरा, गुलाबी, निळी, पिवळी घरं आणि खिडक्यांना पांढरी चौकट. तिथली माणसं सांगतात की पोर्तुगीज काळात पूर्ण पांढरा रंग फक्त चर्चला, घराला काहीतरी रंग हवाच. चौकट पांढरी असल्यामुळे गुलाबी अंगावर येत नाही, ही युक्ती घरातही करा. भिंतीच्या कडेला चार बोटं पांढरी पट्टी सोडा.

दोन_हात_मारा

थांबा थांबा. पांढरी पट्टी मस्त. पण पुणेकर, फ्लॅटच्या भिंतीवर चुना बसणार नाही. आत पुट्टी, त्यावर प्रायमर, त्यावर आधीचा प्लास्टिक पेंट. चुन्याला शोषणारी भिंत लागते. तसाच मारला तर महिनाभरात पापुद्रे निघतील आणि हात लावला की पांढरा. पूर्ण खरवडून प्लास्टरपर्यंत जायची तयारी असेल तरच. दिवाळीच्या तोंडावर हा उद्योग कुणी करू नये.

परकोट्यातला_पुणेकर

जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला प्लास्टिक पेंट भिंतीवर मेणकापड चिकटवल्यासारखा वाटतो, त्याला काय करणार.

दोन_हात_मारा

वाड्यात दर वर्षी चुना कोण लावायचं? तुम्ही का?

परकोट्यातला_पुणेकर

काका लावायचे. मी सांडायचो.

दोन_हात_मारा

मॅट फिनिशचं इमल्शन घ्या, चमकणारं नको. मातकट गुलाबीत मॅट घेतलं की चुन्याच्या जवळ जातं. चमक असली की पश्चिमेचं ऊन परावर्तित होऊन भिंतीचे सगळे उंचवटे दिसतील. मॅटवर डाग पटकन दिसतात, लहान मुलं असतील तर खालच्या भागाचा विचार करा.

नाकासमोर_चाला

विरोधी मत नोंदवतो. कुणी आवडतं म्हणून गुलाबी भिंत करायला काहीच हरकत नाही, पण इथे सगळे गुलाबीची वकिली करताहेत. घर एकट्याचं नसतं. सासऱ्यांना दिवसभर हॉलमध्येच बसायचं असेल तर त्यांच्या नकाराला वजन आहे. आमच्याकडे सुनेनं हॉल राखाडी केला. मला उदास वाटतो. मी बोललो नाही, पण आता दिवसभर बाल्कनीत बसतो.

शेवंती

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सासरे खरोखर हॉलमध्ये असतात, त्यांची खुर्ची त्या भिंतीकडे तोंड करून आहे. मी आज त्यांना विचारलं, गुलाबीत नक्की काय आवडत नाही? ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी चाळीत ऑइलपेंटचा भडक गुलाबी होता, कंबरेपर्यंत, त्यावर तेलाचे हात आणि पावसाळ्यात घाम फुटायचा. तो रंग डोक्यात बसलाय. मातकट गुलाबीचा तुकडा रंगवून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, "हा गुलाबी कुठे आहे? हा तर विटकरी." म्हणजे जयपूरच्या पाहुण्यांसारखं झालं.

नाकासमोर_चाला

विचारलंत हे चांगलं केलंत. आता मी पण सुनेला विचारून बघतो, एक पिवळा दिवा तरी लावू देते का.

फेटे_बांधून_मिळतील

नाव वाचून कळलं असेल. लग्नसराईत आमचे दिवस-रात्र जातात. ताई, राणी फेट्याबद्दल तीन गोष्टी.

नवरदेवाचा आणि बाकीच्यांचा रंग एक नको. बाकीच्यांना राणी, नवरदेवाला राणीत जरीचं किंवा वेगळा रंग. नाहीतर फोटोत नवरदेव शोधावा लागतो. मुलीकडच्यांचा रंग आधी विचारा. दोन्हीकडे राणी झालं की पंगतीत कोण कुणाचा पाहुणा कळत नाही.

स्वस्त कापडाचा रंग जातो. राणीचा सगळ्यात जास्त. घाम आला की कपाळावरून गुलाबी ओघळ येतात, पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडतात ते निघत नाहीत. कापड घेताना पांढऱ्या सुती रुमालाचा कोपरा ओला करून घासून बघा, रुमाल गुलाबी झाला तर ते कापड सोडा. डिसेंबरात घाम कमी, तरी वरातीत नाचणारे असतातच.

मिस्टर ऐकत नसतील तर आधी मेव्हण्यांना बांधा. एकानं बांधला की बाकीचे आरशासमोर रांग लावतात, हे मी प्रत्येक लग्नात बघतो. सगळ्यात जास्त सेल्फी "मला नको" म्हणणारा काढतो.

लंकेची_पार्वती

बायकांनाही बांधा. आमच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारीवर राणी फेटे असतात, काय रुबाब दिसतो.

शेवंती

ठरतंय असं : भिंत मातकट गुलाबी, मॅट, कडेला पांढरी पट्टी. दिवे ३००० चे. पडदे पांढरे सुती, गुलाबी नाहीतच. दिवाणावर आईच्या जुन्या साडीच्या काठाच्या दोन उशा, खिडकीपासून लांब. फेटे राणी, दिरांना मोतिया-राणी. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. साबांनी मात्र मौन सोडलं, त्यांना स्वतःला फेटा बांधून हवाय.

टवाळखोर

मी म्हणालो होतो, निर्णायक मत.

कळीचा_मुद्दा

अवांतर : रासायनिक रंगांऐवजी घरच्या घरी नैसर्गिक गुलाबी रंगवता येतो का? बीट वापरून बघावं म्हणते.

माळरान

बीट नको, टिकत नाही, धुतलं की गेलं. करडईच्या पाकळ्या वापरतात. आमच्याकडे सोलापूर भागात शेतात करडई असते, पण लोक तेलाशिवाय विचार करत नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं करडईवर खूप काम केलंय, बिनकाट्यांच्या जाती काढल्यात, त्यामुळे पाकळ्या वेचताना हात फाटत नाहीत.

कृती थोडक्यात : सुकलेल्या पाकळ्या कापडात बांधून गार पाण्यात चोळत राहायच्या, पिवळा रंग निघतो, तो टाकायचा किंवा दुसऱ्या कापडाला वापरायचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं, कंटाळवाणं आहे. मग थोडा पापडखार घातलेल्या पाण्यात त्याच पाकळ्या मळायच्या, आता तांबूस पाणी येतं. पाकळ्या गाळून त्या पाण्यात सुती किंवा रेशमी कापड बुडवायचं आणि थोडा थोडा लिंबाचा रस घालत जायचं. कापडावर गुलाबी चढताना डोळ्यांदेखत दिसतो. पाणी अजिबात गरम करायचं नाही, रंग मरतो. जितक्यांदा बुडवाल तितका गडद.

उन्हात विटतो आणि साबण सोसत नाही, त्यामुळे ओढणी, रुमाल, देवघरातलं वस्त्र यापुरतं ठीक.

कळीचा_मुद्दा

वा! शेवंतीच्या दिरांच्या लग्नातले फेटे असेच रंगवले तर?

माळरान

करडई रब्बीची. पेरणी आत्ता चाललीय, फुलायला जानेवारी उजाडेल. डिसेंबरच्या लग्नाला मागच्या हंगामातल्या सुकवलेल्या पाकळ्या कुणाकडे असतील तरच. आणि एका फेट्याला लागतील तेवढ्या पाकळ्या वेचायला बसाल तर वरात निघून जाईल. आधी रुमाल रंगवून बघा.

फेटे_बांधून_मिळतील

माळरान भाऊ, त्या रंगाचा रुमाल ओला करून घासला तर काय होईल?

माळरान

साध्या पाण्यात फार जात नाही. पण वरातीत नाचून घाम आला तर मी जबाबदार नाही.